मधपेटीतील हिंसा



आपल्या वाङ्मयात मधमाशीला मोठा मान आहे. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताने यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले. त्यांत मधमाशी आहे, आणि तिचा मध काढून नेणारा मधुहाही आहे. नाथमहाराजांनी या स्कंधावर मराठीत टीका लिहिली, म्हणून हे गुरू आपल्या खेड्यापाड्यांतल्या पारांपर्यंत पोचले. माशीकडून अवधूताने दोन गोष्टी घेतल्या. अनेक ठिकाणचे थोडे थोडे घ्यावे, एकाच घरावर भार घालू नये, ही पहिली. साठवू नये, कारण साठवणाऱ्याचे दुसराच घेऊन जातो, ही दुसरी. पहिलीवरून माधुकरी हा शब्द आपल्याकडे रूढ झाला. दुसरीवर आम्ही कीर्तनकार तासभर बोलतो आणि मग बिदागीचे पाकीट उपरण्यात नीट बांधून घरी येतो. असो.

दृष्टांतातली माशी सुखी असते. तिला फूल सापडते, मध सापडतो, गुरुपद मिळते. पेटीतल्या माशीचे तसे नाही. तिच्या घरात आज एक चोर शिरलेला आहे, आणि त्या चोराला मारायचे की नाही हा प्रश्न माळकऱ्यासमोर उभा राहिला आहे. त्या प्रश्नाबद्दल आज आपल्याशी बोलायचे आहे.

आमच्या पंचक्रोशीत एक तरुण मधपाळ आहे. घरी तीन पिढ्यांची आषाढी. त्याच्याकडे मेलिफेरा जातीच्या, म्हणजे ज्यांना लोक इटालियन किंवा युरोपियन माशा म्हणतात, त्यांच्या पेट्या आहेत. माघ-फाल्गुनात कांद्याचे डेंगळे फुलले की बियाणे करणारे शेतकरी त्याच्या पेट्या भाड्याने नेतात, कारण माशी फिरली नाही तर डेंगळ्यात दाणा भरत नाही. त्याने मला विचारले, "महाराज, पेटीत औषध ठेवले की दुसऱ्या दिवशी खालच्या फळीवर माइट पडलेले दिसतात. मोजायला गेलो तर शेकड्यांनी. गळ्यात माळ आहे. हे माझ्या खाती जमा होते का?"

त्याला पटकन उत्तर देणारे भेटले होतेच. एकाने सांगितले, किडा तो किडा, त्याचे कसले पाप; ढेकूण मारताना विचारतोस का? दुसऱ्याने सांगितले, माळ घातली आहे ना, मग हा धंदा सोड. ही दोन्ही उत्तरे मला आळशी वाटतात. पहिला जिवाकडे पाहायला तयार नाही, दुसरा पोटाकडे पाहायला तयार नाही. आपण जरा सावकाश जाऊ. आधी तो जीव कोण हे पाहू.

व्हरोआ माइट हा कोळी आणि गोचीड यांच्या जातकुळीतला जीव. मादी तांबूस तपकिरी, चपटी, लांबीपेक्षा रुंदीला जास्त; रुंदी दीड मिलिमीटरच्या आसपास. आपल्याला ठिपका वाटेल, पण माशीच्या मानाने पाहिले तर आपल्या अंगावर ताटलीएवढी गोचीड चिकटून बसावी तसे ते आहे. पूर्वी समजत होते की ती माशीचे रक्त पिते. २०१९ साली सिद्ध झाले की मोठ्या माशीच्या अंगात जो मेदाचा भाग असतो, तो ती खाते. माशीच्या शरीरात तो मेद आपल्या यकृताची कामे करतो: साठवण, विषाचा निचरा, रोगाशी झुंज. चोराने तिजोरी सोडून घराचा आढाच पोखरावा, तसा हा प्रकार.

तिचे प्रजनन तर पाहण्यासारखे आहे. पोळ्याच्या कप्प्यात माशीची अळी वाढते. ती पुरेशी मोठी झाली की कामकरी माशा कप्प्याच्या तोंडावर मेणाचे झाकण घालतात, आत अळीचा कोष होतो. झाकण पडायच्या अगदी थोडे आधी माइटची मादी आत शिरते आणि अळीसाठी ठेवलेल्या खाद्यात, अळीच्या खाली, दडून बसते. झाकण पडल्यावर ६०-७० तासांनी ती पहिले अंडे घालते. त्यातून नर होतो. मग साधारण दर ३० तासांनी एक अंडे, त्या सगळ्या मुली. बंद खोलीत भाऊ आणि बहिणी यांचाच संबंध होतो. वाढत्या कोषाला सगळे कुटुंब मिळून एकाच जखमेतून खाते. माशी झाकण फोडून बाहेर येते तेव्हा आई आणि तयार झालेल्या मुली तिच्या अंगावर बसून बाहेर पडतात. नराने सूर्य पाहिलेला नसतो. तो आतच मरतो. शिवाय या जखमेतून माशीचे पंख वाकडे करणारा विषाणू पसरतो. चुरगळलेल्या पंखांची माशी पेटीच्या दारात येते, उडायला बघते आणि खाली पडते. पहारेकरी माशा दाराशी असतात, त्या वासाने आपले-परके ओळखतात. पण या माइटच्या अंगाला माशीसारखाच वास येतो. त्यामुळे तिला कोणी अडवत नाही.

आता आमच्यातला कोणी हे ऐकेल तर लगेच म्हणेल, वा, हा तर साक्षात काम-क्रोध! वैष्णवाचा वेष घेऊन आत शिरलेला दंभ! दृष्टांत म्हणून चालेल, टाळ्याही मिळतील. पण मी त्या वाटेने जात नाही. जीव दिसला की त्याचा दृष्टांत करायचा, ही आमच्या धंद्याची खोड आहे, आणि तिच्यात एक धोका आहे. एकदा त्या माइटला षड्रिपु म्हटले की तिला मारण्याबद्दल विचार करायचे कारणच उरत नाही. जिला आपण मारणार आहोत ती षड्रिपु नाही, ती जीव आहे. तिला भूक आहे, तिच्या परीने तिला लेकरे आहेत. ती कपट करत नाही. तिला दुसरे काही येतच नाही. हे मान्य करूनच पुढे जायला हवे.

मग दोष कोणाचा? इथे मागचा इतिहास कामाला येतो.

हा माइट मूळचा आपल्या आशियातल्या सातेरी माशीच्या घरचा. सह्याद्रीच्या झाडांच्या ढोलींत, जुन्या भिंतींच्या बिळांत राहते तीच सातेरी. किती पिढ्या ही दोघे एकत्र राहिली असतील त्याला हिशेब नाही. सातेरीच्या घरात माइट आहे, पण सातेरीचे घर बुडत नाही. तिथे माइटची वाढ जवळजवळ फक्त नर माशांच्या कप्प्यांत होते, आणि नर तर वर्षाच्या काही काळापुरतेच निपजतात. अंगावर माइट बसला तर सातेरी जबड्याने तो काढते, एकमेकींच्या अंगावरचाही काढते. नराच्या कप्प्यात फार माइट झाले तर आतला नर इतका अशक्त होतो की त्याला झाकण फोडता येत नाही, आणि कामकरी माशा ते झाकण उघडत नाहीत. नर आत मरतो, माइटही त्याच्याबरोबर गाडले जातात. असे हे जुने सोयरिकीचे वैर, मर्यादेतले.

युरोपातल्या मेलिफेराला हा माइट ठाऊकच नव्हता. तिला माणसाने आशियाच्या पूर्व टोकाला नेले. जपान, कोरिया, रशियाचा अतिपूर्व भाग, अशा ठिकाणी सातेरीच्या शेजारी तिच्या पेट्या मांडल्या गेल्या. २०व्या शतकाच्या मध्याच्या सुमारास माइट एका घरातून दुसऱ्या घरात गेला. या नव्या घरात कामकरी माशांच्या कप्प्यांतही त्याला वाढता येऊ लागले, आणि ते कप्पे तर बारमाही. मग पेट्या जशा विकल्या गेल्या, राणीमाशा जशा टपालाने आणि जहाजाने देशोदेशी गेल्या, तसा माइट गेला. अमेरिकेत १९८७, इंग्लंडात १९९२, न्यूझीलंडात २०००. इतकी वर्षे वाचलेल्या ऑस्ट्रेलियात तो जून २०२२ मध्ये न्यूकॅसल बंदरावर सापडला.

त्याच्या नावाचीही गंमत आहे. व्हरोआ हे नाव व्हॅरो या प्राचीन रोमन पंडितावरून. त्याने शेतीवर ग्रंथ लिहिला, त्यात मधमाशांबद्दलही लिहिले. पुढे २००० साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की जगभर नाश करणारा हा माइट, ज्याला तोवर जावा बेटावरच्या दुसऱ्या जातीच्या नावाने ओळखत होते, तो वेगळा आहे. त्याला नवे नाव दिले: डिस्ट्रक्टर, म्हणजे विध्वंस करणारा. नाव योग्यच आहे. पण सातेरीच्या घरात तो विध्वंसक नव्हता. ज्याने त्याला गाडीत बसवून जगभर फिरवले, त्यानेच त्याला हे नाव ठेवले.

पसायदानात माउलींनी दुष्टांचा नाश मागितलेला नाही, त्यांच्यातला वाकडेपणा जावा असे मागितले आहे. आपण ते रोज म्हणतो. माइटच्या बाबतीत वाकडेपणा कुठे आहे ते शोधले तर तो तिच्या सोंडेत सापडत नाही. तो त्या जहाजात, त्या बाजारात सापडतो. एक माशी पाच-सात किलो मध देते, दुसरी चांगल्या फुलोऱ्यात तीस किलोच्या पुढे जाते, या हिशेबात सापडतो.

इथे थांबलो असतो तर प्रवचन छान झाले असते: लोभ वाईट, परदेशी माशी वाईट, आपली सातेरी बरी. पण ते पूर्ण खरे नाही. १९९० नंतरच्या वर्षांत दक्षिण भारतात सातेरीच्या अळ्यांना एका विषाणूचा रोग झाला. अळी पाण्याने भरलेल्या पिशवीसारखी होऊन कप्प्यात मरे. केरळ, कर्नाटक, तमिळनाडूत सातेरीवर संसार असलेल्यांच्या बहुतेक पेट्या रिकाम्या झाल्या. त्यानंतर कित्येकांनी मेलिफेरा धरली. त्यांना लोभी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आणि पंजाबात १९६०च्या दशकात शास्त्रज्ञांनी मेलिफेरा भारतात रुजवली, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे गरीब शेतकरीच होता. कर्माची साखळी अशी असते की मागे मागे जावे तर प्रत्येक कडीवर एक भला माणूस उभा असतो, आणि तरी शेवटी फळीवर शेकडो मेलेले जीव असतात.

तेव्हा दोष कोणाचा हे ठरवून तरुणाच्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. पेटी आज त्याच्या अंगणात आहे. त्याने काय करावे?

महाभारताच्या वनपर्वात धर्मव्याधाची कथा आहे. कौशिक नावाच्या तपस्वी ब्राह्मणाला एका गृहिणीने मिथिलेच्या खाटकाकडे धर्म शिकायला पाठवले. तो व्याध मांस विकत होता. त्याने आपले काम चांगले आहे असे म्हटले नाही. ते घोर आहे हे त्याने कबूल केले. पण त्याने ब्राह्मणाला हेही दाखवले की नांगर चालतो तेव्हा जमिनीतले असंख्य जीव मरतात, धान्याच्या दाण्यात जीव असतात, नुसते चालले तरी पायाखाली मरतात. अहिंसा पूर्णपणे पाळणारा कोणी त्याला दिसत नव्हता. यत्नाने ती कमी करणारे मात्र दिसत होते.

आपल्या स्मृतींतही गृहस्थाच्या घरातल्या हिंसेच्या पाच जागा सांगितल्या आहेत: चूल, पाटा-जाते, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचे घडे. याला पंचसूना म्हणतात. सूना म्हणजे कत्तलखाना. विचार करा, ज्या चुलीवर नैवेद्य शिजतो तिला शास्त्राने हा शब्द वापरला आहे! शास्त्र असे म्हणत नाही की चुलीत मेलेली मुंगी मेलीच नाही. असेही म्हणत नाही की चूल विझवून टाक. ते म्हणते की हे ऋण आहे, आणि रोजच्या पंचमहायज्ञाने ते फेडत राहा: कोणाला तरी जेवू घाल, मुक्या जिवांना घास ठेव, अभ्यास कर, पितरांचे स्मरण ठेव, देवाला दे. हिशेब कधी शून्यावर येत नाही. वही उघडी ठेवायची असते.

मला हीच वाट खरी वाटते. तरुणाला मी सांगितले, होय, तुझ्या खाती जमा होते. नाही होत असे सांगणारावर विश्वास ठेवू नकोस. पण पेटीतली माशी तुझ्या खाती त्याआधीच जमा आहे. तिला तू आणलेस, लाकडी घरात ठेवलेस, तिचा मध तू काढतोस. जंगलातल्या मोहोळाचा सांभाळ देवाकडे; पेटीचा सांभाळ तुझ्याकडे. सावता महाराज मळ्यातच विठ्ठल पाहत, पण मळा खुरपल्याशिवाय ठेवत असतील असे मला वाटत नाही. तण हाही जीव आहे. ज्याने भाजी लावली त्याला खुरपे हातात घ्यावेच लागते, आणि ते खुरपे त्याने रागाने चालवण्याचे कारण नाही.

यावर एक जोरदार आक्षेप आहे आणि तो ऐकून घेतला पाहिजे. काही मधपाळ, परदेशातले आणि आता आपल्याकडचेही, म्हणतात की औषध घालूच नका. दुबळी माशी मरू द्या. जी उरेल ती माइटबरोबर राहायला शिकलेली असेल, जशी सातेरी शिकली. याला आधार आहे. स्वीडनच्या गॉटलंड बेटावर शास्त्रज्ञांनी १९९९ साली १५० वसाहती वेगळ्या ठेवल्या आणि माइटवर कोणताही उपाय केला नाही. पहिल्या तीन वर्षांत ऐंशी टक्क्यांहून अधिक मेल्या. पण सगळ्या मेल्या नाहीत. उरलेल्या टिकल्या, त्यांची संतती माइटसह जगली. काळावर सोडून दिले तर वाकडे सरळ होते, हे त्यातून दिसते. ऐकायला ते भक्तीसारखेही वाटते: पांडुरंगावर सोडून द्या.

पण नीट पाहा. तो प्रयोग बेटावर केला, शेजाऱ्यांपासून दूर. गावात काय होते? माइटने खंगलेली वसाहत शेवटी पहारा ठेवू शकत नाही. तिच्यात मध असतो. शेजारच्या धडधाकट पेटीतल्या माशांना त्याचा वास लागतो आणि त्या लुटायला येतात. मेलिफेरामध्ये ही लुटारूपणाची खोड मोठी आहे. त्या पोटभर मध घेऊन परत जातात, आणि मरत्या घरातले माइट त्यांच्या अंगावर बसून त्यांच्याबरोबर जातात. दहा दिवस औषधपाणी करून स्वच्छ ठेवलेली शेजाऱ्याची पेटी अशी भरते. (फुकटच्या मधाबद्दल इथे बोलण्यासारखे खूप आहे, वाचकांनी ते घरी बोलावे.) म्हणजे मी वैराग्याने हात झटकले तर त्या वैराग्याची किंमत शेजारी मोजतो. असले वैराग्य मला मान्य नाही. ज्याला सोडून द्यायचे आहे त्याने आधी आपल्या कुंपणाबाहेर काय जाते ते पाहावे.

याच्या उलट टोकही आहे. ऑस्ट्रेलियाने माइट मुळातून काढायचे ठरवले. जिथे सापडला त्याच्या भोवतालच्या मोठ्या टापूतल्या सगळ्या पेट्या, रोगी आणि निरोगी, नष्ट केल्या. हजारो पेट्या. मधपाळांनी आपल्या डोळ्यांदेखत आपल्या निरोगी वसाहती मारलेल्या पाहिल्या, बाकीच्या देशातल्या माशा वाचाव्यात म्हणून. सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारने मान्य केले की आता हे जमणार नाही, यापुढे माइटसह राहायला शिकावे लागेल. त्यांना मी नावे ठेवत नाही. जमले असते तर तेच शहाणपण ठरले असते. पण मारून संपवण्यावर एवढा भरवसा ठेवला की हाती उरते ते असे.

औषधांच्या बाबतीतही तेच. फ्लुव्हॅलिनेटच्या पट्ट्या पेटीत टांगायच्या, माइट मरायचे. सुरुवातीला जादू वाटली. १९९०च्या दशकात युरोप-अमेरिकेत माइट त्या विषाला दाद देईनासे झाले. जे मेले नाहीत त्यांचीच संतती वाढली. आणि विष मेणात साठत राहिले, त्याच मेणात पुढच्या अळ्या वाढल्या. गॉटलंडच्या माशा जे शिकल्या तेच माइटही शिकतो. देवाने शिकण्याची बुद्धी एकाच पक्षाला दिलेली नाही.

त्यापेक्षा कमी हिंसेची एक वाट मधपाळांनी काढली आहे, ती मला आवडते. माइटला वाढायला झाकणबंद कप्पा लागतो. राणीमाशीला तीन-साडेतीन आठवडे छोट्या जाळीच्या पिंजऱ्यात ठेवले, तर त्या काळात नवे अंडे पडत नाही, जुनी पिल्ले बाहेर पडतात आणि पेटीत एकही बंद कप्पा उरत नाही. माइटला घरच राहत नाही. सगळे माइट मोठ्या माशांच्या अंगावर उघडे पडतात, आणि मग ऑक्झॅलिक आम्लाचा एकच हलका उपचार पुरतो. मरण टळले असे मी म्हणत नाही. पण जे जन्मलेच नाहीत त्यांना मारावे लागत नाही, वर्षभर विष घालावे लागत नाही. दुसरा उपाय थायमॉलचा. हे आपल्या ओव्यातलेच सत्त्व आहे. पोट दुखले की आजी जे चावायला देते तेच माइटला सोसत नाही. फार उन्हात ते माशांनाही सोसत नाही, म्हणून ऋतू पाहून द्यावे लागते. नरांचे कप्पे माइटला जास्त आवडतात, म्हणून काही जण तशी एक चौकट मुद्दाम ठेवतात आणि झाकण पडल्यावर काढून टाकतात. त्यात नर माशांची पिल्लेही जातात. वहीत तेही लिहायचे.

आता सातेरीकडे पुन्हा येतो, कारण तिच्याबद्दलची एक गोष्ट कळल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही.

आपण समजतो की सातेरी माइटला पुरून उरते म्हणजे ती काटक असेल. शास्त्रज्ञांनी तिच्या कामकरी अळ्या तपासल्या तेव्हा उलटे दिसले. सातेरीची अळी नाजूक आहे. माइटचा दंश झाला की ती वाढायची थांबते, लवकर मरते. कामकरी माशांना त्याचा वास लागतो, त्या कप्पा उघडतात, अळी आणि माइट दोघांनाही बाहेर काढतात. माइटला पिढी वाढवायला वेळच मिळत नाही. मेलिफेराची अळी सोशीक. ती दंश सोसते, जखम घेऊन वाढते, वाकड्या पंखांनी का होईना बाहेर येते, आणि तिच्याबरोबर माइटच्या मुली बाहेर येतात. एकीच्या नाजूकपणाने घर तरते, दुसरीच्या सोसण्याने घर बुडते.

सोसणे हा आपल्या संप्रदायात मोठा गुण. संतांनी काय सोसले ते आम्ही गहिवरून सांगतो, आणि ते खरेच थोर आहे. पण ते सोसणे स्वतःवरच्या अपमानाचे होते, समोरचा डोळ्यांना दिसत होता. बंद झाकणाआडचे सोसणे निराळे. सावकाराचे कर्ज बायकोला न सांगता सोसणारा, नवऱ्याची दारू आणि मार माहेरी न कळवता सोसणारी, मुलाच्या व्यसनावर पांघरूण घालून माळ जपणारी आई: या घरांत मी जेवलो आहे. बाहेरून झाकण गुळगुळीत असते. आत जे वाढते ते पुढच्या पिढीच्या अंगावर बसून बाहेर पडते.

यातून कोणी असा अर्थ काढील की दुबळ्याला बाहेर काढावे, तर त्याने माशीकडून चुकीचा धडा घेतला. सातेरीच्या अळीला मरणाशिवाय दुसऱ्या कोणत्या रीतीने सांगता येत नाही की मला काहीतरी चावते आहे. माणसाला तोंड दिले आहे. दिंडीत चालताना विणेकऱ्याला, फडावरच्या म्हाताऱ्याला, शेजारणीला, कोणाला तरी सांगता येते. आणि ज्याला सांगितले त्याने ते ऐकल्यावर नाक मुरडू नये. सातेरी कप्पा उघडते तेव्हा ती घाण वाटून घेत नाही, काम म्हणून करते.

मेलिफेराच्या पेटीत आपल्याकडे आणखी एक माइट येतो, त्याचे नाव ट्रोपिलीलॅप्स. हा लांबुळका, व्हरोआपेक्षा लहान आणि चपळ. हा मूळचा आग्या माशीच्या घरचा. आग्याचे मोहोळ आपण सर्वांनी पाहिले आहे, उंच वडावर, कड्यावर, पाण्याच्या टाकीखाली, एकच भलेमोठे पोळे उघड्यावर लोंबणारे. या माइटचे तोंड मोठ्या माशीचे कठीण अंग भेदू शकत नाही, त्याला पिल्लेच लागतात. पिल्लांवाचून तो काही दिवसांपेक्षा जास्त जगत नाही. आणि आग्या दरवर्षी घर सोडते. फुलोरा संपला की सगळी वसाहत उठते, पोळे तिथेच टाकते आणि दुसऱ्या मुलखाला जाते. वाटेत पिल्ले नसतात. माइटची साखळी तिथे तुटते.

तीन-साडेतीन आठवडे राणी कोंडायची, आणि आळंदीहून पंढरीला चालत जायलाही जवळपास तेवढेच दिवस. दिवसांचा मेळ घालून बघणारे आपल्यात पुष्कळ आहेत. तो घालू नये, त्यात काही नाही. मला दुसरेच दिसते. पोळे टाकून गेलेल्या आग्याच्या जागी झाडाला रिकामे मेण उरते. त्या मेणावर मेणकिडा येतो, त्याच्या अळ्या ते खाऊन टाकतात, आणि वर्षा-सहा महिन्यांनी माशा परत येतात तेव्हा बहुधा त्याच झाडाच्या फांदीवर नवे पोळे सुरू होते. या वर्षी आमच्या देवळामागच्या वडावर त्या अजून आलेल्या नाहीत. मधपाळ तरुणाने येत्या कार्तिकात चार पेट्या सातेरीच्या करून बघायच्या ठरवल्या आहेत. मेलिफेराच्या पेट्या मोडायला तो तयार नाही, कर्जाचा हप्ता त्यांच्यावर आहे, आणि मीही त्याला मोड असे म्हटलेले नाही.